खिडकी क्रमांक तीन

एक नंबरच्या खिडकीत बोनाफाईड मिळतं,
दोनवर फी भरतात.
तिसरीवर पाटी नाही.
कशाला हवी?
जिला जायचं ती जातेच,
आणि जिला जायचं नसतं तिलाही ठाऊक असतं
तिथे कोण उभं राहतं.

लोंढे सर चष्मा कपाळावर ढकलून
यादी वाचतात,
ग्रंथालयाच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी :
सरवदे मेत्ता, मंगळवेढा. जातपडताळणी पेंडिंग.
मी हो म्हणते.
माझ्यामागे हिरकी पावरा, धडगावची.
तिच्या आधारकार्डावर कुणीतरी तिचं हिरकणी करून ठेवलंय,
प्रेमानंच असेल,
पण आता दाखला जुळत नाही.

पहिल्या आठवड्यात इथे नाव सांगितलं
की समोरची थांबून राहते.
आडनाव सांगितलं की,
म्हणजे मूळच्या कुठल्या तुम्ही?
गाव सांगितलं तरी प्रश्न तसाच,
दारात, चप्पल न काढता उभा.
लिंथोईला मात्र कुणी आडनाव विचारत नाही.
तिला विचारतात, तुम्ही रोज भातच खाता?
ती म्हणते, ऋजुता नाही का खात?

ऋजुता आगाशे माझ्या बाकावरची.
कोथरूडहून स्कूटीवर येते,
माझ्यासाठी जादा हेल्मेट आणते.
अक्षर सुंदर, मनही.
हे मी उपरोधानं म्हणत नाही.

त्या दिवशी जिन्यावर तीच होती.
ऐकलं तिनं.
बोलली काहीच नाही.
मधल्या सुट्टीत फक्त
डब्यातली निम्मी खिचडी स्वतःहून माझ्याकडे सारली.
एरवी आम्ही एका चमच्यावरून भांडायचो.
ती भांडली नाही
ते मला लागलं.
शिवी असती तर उत्तर होतं माझ्याकडे,
बाबांनी लहानपणीच पाठ करून घेतलंय.
खिचडीला काय उत्तर द्यायचं?

दुसऱ्या वर्षी, जुलैत, ती रांगेत आली.
भोसरीची कंपनी बंद पडून तिच्या वडिलांना
आठ महिने झाले होते, हे मला नंतर कळलं.
माझ्यामागे तीन मुली सोडून,
मोबाईलमध्ये डोकं घालून,
जणू इथे कुणाची वाट बघतेय.

खरं सांगते, आधी बरं वाटलं.
एवढंसं. पेन्सिलीच्या टोकाएवढं.
मग राग आला.
दोन रांगा एका खिडकीशी संपतात
म्हणून एक होत नाहीत.
हिच्या वडिलांना उद्या नोकरी लागली
की ही उद्या रांगेतून निघेल.
मी निघून कुठे जाऊ?
नौशीन इनामदार म्हणाली,
तुमच्या रकान्यांना नावं तरी आहेत,
मी दरवर्षी इतर.
ती हसली. आम्ही जरा उशिरा हसलो.

आगाशे ऋजुता, ईबीसी.
तितक्याच मोठ्यानं.
एक मानलं पाहिजे, सरांचा आवाज
कुणासाठी खाली येत नाही.
उत्पन्नाच्या दाखल्याची एकच प्रत? दोन लागतात.
आज शेवटचा दिवस.

ती वळली. मान खाली.
मला गप्प बसता आलं असतं,
डबाही पुढे करता आला असता,
दोन्ही तिच्याकडूनच शिकले होते.
मी म्हटलं,
मागच्या गेटला झेरॉक्सवाला आहे,
एक म्हणजे एकला शटर ओढतो, पळ.
आणि येताना स्टेपलर आण,
सरांकडे पिना कधीच नसतात.

ती पळाली.
हिरकीनं आपली पिशवी ठेवून तिची जागा धरली.

दहा मिनिटांनी ती धापा टाकत आली,
तीन प्रती घेऊन, एक उगाचच जास्तीची.
फॉर्म घेतला सरांनी.

हिरकीचा त्या दिवशीही परत आला.
नाव जुळत नाही.